ताटातील वाटा

ज्या अन्नावर पिढ्यान्पिढ्या पोसल्या, त्याच अन्नाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची बुद्धी मनुष्याला अधूनमधून होते. हल्ली अनेक घरांत भाकरी, पोळी आणि भात यांच्यावर असाच आरोप ठेवला जातो. 'भाताने पोट सुटते', 'पोळीने साखर वाढते', 'भाकरी सोडा म्हणजे रोग सुटेल', अशी वाक्ये लग्नाच्या पंगतीपासून आगगाडीच्या डब्यापर्यंत सर्वत्र कानी पडतात. आरोप गंभीर आहे. तो घाईने मान्य करणे जसे बरे नव्हे, तसेच रागाने झिडकारणेही बरे नव्हे. न्याय करायचा, तर दोन्ही बाजू ऐकून घेतल्या पाहिजेत.

सोलापूरसारख्या शहरातील एका एकत्र कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. घरातील थोरले काका दिवसभर दुकानाच्या गादीवर बसून हिशेब पाहत. पन्नाशी उलटली आणि त्यांना मधुमेह झाल्याचे आढळले. डॉक्टरांनी औषध दिले. भात, पोळी, भाकरी व साखर यांचे प्रमाण पुष्कळ कमी करण्यास सांगितले. काकांनी पथ्य निष्ठेने पाळले. काही महिन्यांत वजन उतरले, रक्तातील साखर आटोक्यात आली, चालताना लागणारी धापही थांबली. येथपर्यंत सारे उत्तम झाले. परंतु आपल्याला गुण आला, की तेच औषध साऱ्या जगाला पाजावे असे मनुष्यास वाटू लागते. काका रोज जेवताना सांगू लागले, "भाकरी म्हणजे विष. मी सोडली, तुम्हीही सोडा."

आजींना हे रुचेना. त्या म्हणत, "अरे, भाकरीने तुझे काय घोडे मारले?" पण काकांच्या बारा वर्षांच्या पुतणीने मात्र ते बोलणे मनावर घेतले. शाळेत कोणीतरी तिला अंगावरून चिडविले होते. तिने कोणाला न सांगता ताटातील भाकरी बाजूला सारण्यास आरंभ केला. थोड्याच दिवसांत खेळाच्या तासाला तिला घेरी आली. इकडे तिच्या आईला काकांसाठी एक, मुलांसाठी दुसरा आणि आजींसाठी तिसरा असा स्वयंपाक करावा लागे. सर्वांचे उरकल्यावर दुरडीत उरलेल्या थंड भाकऱ्या घेऊन ती एकटीच जेवायला बसे. या घरात कोणीही वाईट नव्हते. प्रत्येकाला दुसऱ्याचे कल्याणच हवे होते. तरीही घराची घडी विसकटली. असे का झाले, याचा विचार केला पाहिजे.

प्रथम काकांची बाजू पाहू. धान्यात मुख्यत्वे कर्बोदके असतात. पोटात त्यांचे ग्लुकोज नावाच्या साखरेत रूपांतर होते आणि ती साखर रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचते. स्नायू याच इंधनावर चालतात. मेंदूही एरवी मुख्यत्वे याच्यावरच काम करतो. स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन ही साखर पेशींमध्ये पोहोचविते. मधुमेहात हीच व्यवस्था बिघडते आणि साखर रक्तातच साचून राहते. मग ज्या पदार्थांपासून ती अधिक निर्माण होते, ते पदार्थ कमी करणे शहाणपणाचे ठरते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणून काकांच्या पथ्याला कोणी हसू नये. त्यांच्यापुरते ते योग्यच होते.

हा उपाय तसा नवाही नाही. लंडनमध्ये विल्यम बॅंटिंग नावाचे एक गृहस्थ होते. अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय होता. साठी उलटल्यावर त्यांचे शरीर इतके स्थूल झाले, की वाकून बुटाचे बंद बांधणेही कठीण झाले. विल्यम हार्वे या डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्यांनी पाव, साखर, बटाटे, बिअर इत्यादी पदार्थ वर्ज्य केले. सुमारे वर्षभरात त्यांचे वजन वीस किलोंनी उतरले. 1863 मध्ये त्यांनी आपला अनुभव एका लहान पुस्तिकेत प्रसिद्ध केला. ती इतकी गाजली, की पथ्य पाळून वजन उतरविण्याला इंग्रजीत त्यांच्या आडनावावरूनच क्रियापद तयार झाले. ही कथा वाचताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. बॅंटिंग साठी उलटलेले, सुखवस्तू आणि अतिस्थूल गृहस्थ होते. त्यांचे पथ्य त्यांच्या शरीरासाठी ठरविलेले होते. शेजारच्या घरातील वाढत्या मुलासाठी नव्हे.

येथेच काकांची पहिली चूक ध्यानात येते. पथ्य हे औषधासारखे असते. एकाच्या चष्म्याने दुसऱ्याला नीट दिसत नाही. तसेच एकाच्या पथ्याने दुसऱ्याची प्रकृती सुधारेलच असे नाही. मधुमेहाच्या रोग्यानेदेखील डॉक्टरांना न विचारता एकाएकी धान्य तोडले आणि औषध मात्र तेवढेच चालू ठेवले, तर कधी कधी रक्तातील साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. मग अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी ऐकीव गोष्टीवरून ताटातील अन्न सोडणे किती घातक! या वयात हाडे लांबतात, स्नायू भरतात. मुले धावतात, खेळतात, अभ्यास करतात. शाळेतील माध्यान्ह भोजनाच्या योजनेत सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलासाठी दररोज 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ आणि 75 ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरविलेले आहे. त्यात धान्याला स्थान आहे. पण ते एकटे नाही, डाळ व भाजी यांच्या संगतीत आहे. आणि कोणाच्या अंगावरून त्याला चिडविणे ही तर थट्टा नव्हेच, तो क्रूरपणा होय. अशा एका शब्दाने एखादे मूल आपले जेवण टाकते, हे चिडविणाऱ्याच्या गावीही नसते.

आता आजींची बाजू पाहू. त्यांचे माहेर मंगळवेढ्याकडचे. त्या काळ्या जमिनीतील ज्वारी नावाजलेली आहे. 1972 च्या दुष्काळात ती जमीन भेगाळली. त्या वेळी आजींनी दुष्काळी कामावर खडी फोडली. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी खाल्ली आणि कामावर मिळणारी सुकडी पदराला बांधून लहान भावंडांसाठी घरी आणली. ज्या हातांनी भुकेचे असे दिवस पाहिले, त्या हातांनी परातीत पीठ मळून थापलेली भाकरी कोणी 'विष' म्हणून दूर सारली, तर त्या हातांना यातना होणारच. आजींचा राग भाकरीपुरता नव्हता. तो कृतघ्नतेवरचा राग होता.

तथापि आजींच्या म्हणण्यातही एक उणीव होती. त्यांना वाटे, पोटभर भाकरी मिळाली म्हणजे जेवण पूर्ण झाले. नांगर धरणाऱ्या वा खडी फोडणाऱ्या मनुष्याच्या अंगी तीन भाकऱ्या सहज जिरतात. गादीवर बसून हिशेब करणाऱ्याच्या अंगी त्याच तीन भाकऱ्या मेद होऊन साचतात. दोष भाकरीचा नाही. कष्ट गेले आणि भूक मात्र जुन्याच मापाची राहिली, हा दोष आहे. शिवाय भाकरी कितीही चांगली असली, तरी एकटी पुरी पडत नाही. मीठ-मिरचीशी भाकरी खाणाऱ्या मजुराच्या मुलाचे पोट भरते, पण अंग भरत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहारविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात म्हटले आहे, की आहारातून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी धान्यातून मिळणारा भाग 45 टक्क्यांहून अधिक नसावा. परंतु आपल्या देशात तो 50 ते 70 टक्क्यांपर्यंत असतो. उलट डाळी, मांस, मासे यांचा वाटा जेवढा असावा, त्याहून पुष्कळच कमी भरतो. याचा अर्थ काय? श्रीमंताच्या ताटात धान्याच्या जोडीला साखर व तळलेले पदार्थ येऊन बसले आहेत. गरिबाच्या ताटात धान्याच्या जोडीला काहीच नाही. दोन्ही ताटे बिघडलेलीच. श्रीमंताने धान्याचा वाटा आवरावा, हा उपदेश योग्य आहे. परंतु गरिबाला 'भाकरी कमी खा' असे सांगण्यापूर्वी त्याच्या ताटात डाळ, भाजी आणि शेंगदाणे कोठून येतील, याचा विचार समाजाने केला पाहिजे. तो न करता दिलेला उपदेश म्हणजे भुकेल्याची थट्टाच होय.

या बाबतीत जुन्या स्वयंपाकघराकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. भाकरीबरोबर पिठले, भातावर वरण, खिचडीत मुगाची डाळ, संक्रांतीच्या सुमारास बाजरीच्या भाकरीला तीळ, ही जुळणी उगीच झालेली नाही. धान्यातील प्रथिनांत जे उणे असते, ते डाळीतील प्रथिने भरून काढतात आणि डाळीतील उणे धान्य भरून काढते. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत तंतुमय पदार्थही चांगले असतात. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे वर्ष भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. ज्वारीची भाकरी आणि मैद्याची बिस्किटे या दोहोंना 'कर्बोदके' या एकाच नावाखाली शिक्षा देणे म्हणजे एकाच आडनावाच्या दोन माणसांपैकी एकाच्या अपराधासाठी दुसऱ्याला तुरुंगात टाकणे होय.

शेवटी त्या घराचे काय झाले? पुतणीला घेरी आली, तेव्हा काकाच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर इतकेच म्हणाले, "काका, तुम्हाला दिलेले औषध तुम्ही हिला पाजाल का? मग तुमचे पथ्य का पाजलेत?" काका उमजले. आपली चूक त्यांनी घरी सर्वांसमक्ष कबूल केली. यात त्यांचा मोठेपणा होता. त्या दिवसापासून घरात एकच स्वयंपाक होऊ लागला. आजींची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. काकांच्या ताटात अर्धी भाकरी आणि उसळ-भाजी अधिक. पुतणीच्या ताटात दीड भाकरी आणि वर शेंगदाण्याची चटणी. आजींसाठी भाकरी ताकात कुस्करलेली. पदार्थ तेच, वाटा मात्र ज्याचा त्याचा.

आणखी एक बदल झाला. तोच सर्वांत मोलाचा म्हटला पाहिजे. भाकऱ्या दुरडीत झाकून ठेवून आईही सर्वांबरोबर जेवायला बसू लागली. आजवर कोणी काय खावे याची चर्चा त्या घरात पुष्कळ झाली होती. पण जेवण करणारी शेवटी काय खाते, हे कोणी विचारलेच नव्हते. ज्या घरात रांधणारीच्या वाट्याला नित्य उरलेसुरले येते, त्या घरातील आहार कितीही शास्त्रीय असला, तरी त्याला पूर्णान्न म्हणता येणार नाही.

आहारशास्त्र सांगते, की ताटात कोणत्या पदार्थाचा वाटा किती असावा. कुटुंबधर्म सांगतो, की घरातील अन्नात कोणाचा वाटा किती असावा. समाजधर्म त्याहून पुढे जाऊन विचारतो, की गावातील प्रत्येक ताटात काही वाढलेले आहे की नाही. ही तिन्ही मापे ज्याला कळली, त्याला भाकरीचे भय वाटत नाही आणि भाकरीचा मोहही होत नाही. तो आपल्या कष्टाला साजेल एवढी घेतो आणि उरलेली दुरडी प्रथम शेजारच्याकडे सरकवितो.