खाडा की रजा?

आपल्या बहुतेकांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेले असते. त्यावर दुधाचा हिशेब असतो, गॅसची टाकी कधी लावली ते असते, रमजान कधी सुरू होणार ते असते आणि कामाला येणाऱ्या ताईंच्या खाड्यांच्या फुल्या असतात. महिना संपला की फुल्या मोजायच्या, तेवढ्या दिवसांचे पैसे वजा करायचे आणि उरलेले हातावर ठेवायचे. आमच्या घरीही वर्षानुवर्षे हेच चालले होते.

आमच्याकडे गागोदे बुद्रुकहून एक ताई येतात. रविवार सोडून रोज सकाळी तीन तास. धुणे, भांडी, केर-लादी आटोपून दुपारच्या आत घरी परततात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मुलाला ताप आला म्हणून चार दिवस आल्या नाहीत. आम्ही नेहमीप्रमाणे चार फुल्या मारल्या. त्याच महिन्यात आम्हीही आजारी पडलो आणि शाळेतून चार दिवस किरकोळ रजा घेतली. महिनाअखेर आमचा पगार पूर्ण आला. ताईंच्या हातावर पैसे ठेवले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, तुमचे पण चार दिवसांचे कापले का हो?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. आम्हाला मात्र उत्तर देता आले नाही.

"अर्धवेळ कामाला कसली आली रजा?" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! दुकानात दुपारपर्यंत बसणारा मुलगा, आठवड्यातून तीन दिवस हिशेब लिहायला येणारे काका, मुलांना अरबी शिकवायला घरी येणाऱ्या आपा, या सगळ्यांना आपण हेच ऐकवतो. पूर्णवेळ नोकराने दिवस चुकवला तर ती रजा आणि अर्धवेळ माणसाने चुकवला तर तो खाडा. हा फरक आला कुठून, हे या महिन्यात आम्ही नीट समजून घेण्याचा प्रयत्न केला. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी कायदा पाहू. १९४८ च्या कारखाने अधिनियमात नियम असा होता : ज्याने वर्षात २४० दिवस काम केले, त्याला पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा. अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त उरला तर तो पूर्ण धरायचा, कमी असला तर सोडून द्यायचा. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्यातही २४० दिवसांची अट आणि २० दिवसांमागे एक दिवस हेच प्रमाण आहे. शिवाय वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आणि ८ पगारी सणाच्या सुट्ट्या. त्यांपैकी चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी आपसांत ठरवायच्या. केंद्राच्या २०२० च्या नव्या संहितेत २४० ऐवजी १८० दिवसांची अट आहे.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हा हिशेब दिवसांचा आहे, तासांचा नाही. त्यामुळे अर्धवेळ कामाचे दोन प्रकार वेगळे ठेवून पाहावे लागतात.

पहिला प्रकार : रोज यायचे, पण थोडे तास. समजा, एक मुलगी दुकानात रोज चार तास काम करते आणि वर्षात २८० दिवस आली. २८० भागिले २० म्हणजे १४ दिवस रजा. ही रजा पूर्णवेळ माणसाएवढीच आहे. पण तिच्या रजेच्या दिवसाचे पैसे तिच्या चार तासांच्या रोजाइतकेच. महिन्याला २६ दिवसांचे ५,२०० रुपये मिळत असतील तर रोज पडला २०० रुपये आणि १४ दिवसांचे झाले २,८००. मालकावर जास्तीचा बोजा नाही आणि मुलीवर अन्याय नाही. अर्ध्या कामाचे अर्धे पैसे आधीच ठरलेले आहेत. रजेचे दिवस पुन्हा अर्धे केले तर एकाच गोष्टीची कपात दोनदा होते.

दुसरा प्रकार : पूर्ण दिवस यायचे, पण आठवड्यातून तीनच दिवस. ५२ आठवड्यांचे झाले १५६ दिवस. इथे २४० ची अट पूर्ण होत नाही, १८० चीही नाही. कायद्याच्या अक्षराने हक्काची रजा शून्य. पण तोच २० चा भागाकार केला तर उत्तर येते ७.८, म्हणजे आठ दिवस. कायदा इथे थांबतो, म्हणून आपणही थांबावे असे कुठे आहे?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले आपले कोकणी नातेवाईक हा हिशेब चांगला ओळखतात. तिथे वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा आहे. पाच दिवस काम करणाऱ्याला २८ दिवस, तीन दिवस करणाऱ्याला १६.८ दिवस. जेवढे काम त्या प्रमाणात रजा, पण शून्य कुणालाच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९४ साली अर्धवेळ कामाविषयी जो करार केला, त्याचाही गाभा हाच आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

आता घरकामाकडे येऊ. लहान दुकानांना आणि घरांना वरची रजेची कलमे लागू होत नाहीत. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. त्यात नोंदणी आहे, कल्याणाच्या योजना आहेत, पण पगारी रजेचा हिशेब नाही. म्हणजे ताईंच्या रजेचा निर्णय सर्वस्वी आपल्या हातात. तपासायला निरीक्षक येणार नाही.

अशा वेळी आपल्याला कुरआनची ८३ वी सूरह आठवायला हवी. घेताना पुरेपूर माप घेणाऱ्या आणि देताना मापात मारणाऱ्या लोकांना तिथे कडक इशारा आहे. आपण तो वाचतो तेव्हा डोळ्यांपुढे किराणा दुकानाचा तराजू येतो. आमच्यापुढे या वेळी स्वयंपाकघरातले कॅलेंडर आले. सरकारकडून आमची रजा आम्ही दिवस मोजून घेतो आणि ताईंना देताना माप बदलतो. मजुराची मजुरी लांबवू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण मुलांना लहानपणीच पाठ करून देतो. पण मजुरी वेळेवर दिली आणि मोजलीच चुकीची, तर काय?

आखातात राहून आलेल्या बांधवांना तर हे जास्त सांगायला नको. रजेला किती महिने उरले, रजेचा पगार किती होईल, हे बोटांवर मोजत त्यांनी तिथले दिवस काढले आहेत. तेच गावी येऊन दुकान टाकतात, तेव्हा त्यांच्याकडच्या मुलाला रजेचे पान का मिळू नये?

आणखी एक चूक आपल्याकडे सर्रास होते. मे महिन्यात आपण गावी जातो, घराला कुलूप लावतो आणि तेवढ्या दिवसांचे पैसे कापतो. अरबी शिकवणाऱ्या आपांचेही तसेच. मुले सुट्टीवर गेली की आपांची फी बंद. पण काम कोणी थांबवले? आपण थांबवले. त्या तर यायला तयार होत्या. शाळांत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना मानधन वर्षातून दहाच महिन्यांचे मिळते, याचे आम्हा शिक्षकांना वाईट वाटते. मग आपल्या घरी आपण वेगळे काय करतो?

हे सगळे समजल्यावर आम्ही गेल्या वर्षीचे कॅलेंडर काढले आणि पाने उलटून फुल्या मोजल्या. ३६५ दिवसांतून ५२ रविवार गेले, उरले ३१३. आजारपण, पाहुणे, लग्न, गौरी-गणपती मिळून ताईंचे खाडे भरले १९. मे महिन्यात आम्ही घर बंद ठेवले ते १४ दिवस. म्हणजे प्रत्यक्ष काम २८० दिवस. त्याच्या आदल्या वर्षीही कमी-अधिक एवढेच होते. २० ने भागले तर रजा १४ दिवस आणि किरकोळ रजा ८ दिवस, एकूण २२. खाडे किती? १९. म्हणजे त्या फुल्यांतली एकही खरे तर खाडा नव्हती. सगळ्या रजाच होत्या आणि तीन दिवस तर शिल्लक होते. रोज १०० रुपये धरून १९ दिवसांचे १,९०० आणि घर बंद होते त्या दिवसांचे १,४००. एका वर्षाचे ३,३०० रुपये आम्ही ठेवून घेतले होते.

ते पैसे आम्ही ताईंना दिले. "हे कशाचे?" असे त्यांनी विचारले. "तुमचेच आहेत, आमच्याकडे राहून गेले होते," असे सांगितले. त्यांनी हिशेब पुन्हा एकदा समजावून घेतला आणि मगच पैसे घेतले, हे आम्हाला आवडले. बक्षिशीचा हिशेब कुणी विचारत नाही. मागच्या चार वर्षांची कॅलेंडरे रद्दीत गेली आहेत. त्यांचा अंदाज बांधून हप्त्याहप्त्याने फेडायचे ठरवले आहे.

ताईंचे गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ ला ते तिथे जन्मले. विनोबांनी अरबीतून कुरआनचा अभ्यास केला आणि निवडक आयतांचे 'कुराण-सार' तयार केले, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. त्याच विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला असताना सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवरच पोट भरायचे, असा प्रयोग केला होता. मजुराचा एक दिवस म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः मजुरी करून तपासले. आपल्याला एवढेही करायचे नाही. आपली रजा आणि ताईंची रजा एका मापाने मोजायची, एवढेच आहे.

आमच्या घरी आता एक वही आहे. पहिल्या पानावर कामाचे तास आणि रोज लिहिला आहे. दुसऱ्या पानावर रजेचे दिवस, तिसऱ्यावर सण. ताईंनी शिमगा आणि गौरी-गणपती मागितले. ईदच्या दिवशी आमच्याकडे काम सर्वांत जास्त असते, म्हणून ती सुट्टी त्यांनी दुसऱ्या दिवशी घ्यायचे कबूल केले. ईद चंद्रावर असल्याने तारीख न लिहिता नुसते 'ईदचा दुसरा दिवस' असे लिहिले आहे. वहीची एक प्रत त्यांच्याकडे असते. रजा संपल्यावर चुकवलेला दिवस खाडाच धरायचा, हेही त्यात दोघींच्या संमतीने लिहिले आहे.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, रमजानमध्ये आपण जकातीचा हिशेब पैशापैशाने करतो. त्याआधी एकदा कॅलेंडरवरच्या फुल्या मोजून पाहाव्यात. तिथे जे निघेल ते जकातीत धरता येणार नाही. ते आपले नव्हेच, ज्याचे त्याला परत करायचे आहे.