मीठ, साखर आणि पेन्सिलीचं शिसं

उस्मानपुऱ्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी रसायनशास्त्राशी गाठ पडते आणि आयनिक, सहसंयुज, धातुबंध ही बंधांची नावं पोरं घोकून पाठ करतात. मी म्हणेन, आधी स्वयंपाकघरात जा. कोरड्या कढईत साखर वितळून तांबूस होते, कारण तिच्या रेणूंमधली आपसातली ओढ दुबळी. मीठ नुसतं तडतडतं; त्यातल्या आयनांची पकड सुटायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. आता दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवा, ९ व्होल्टची बॅटरी आणि रेझिस्टर लावलेला एलईडी जोडा (घरातल्या विजेला अजिबात हात लावायचा नाही). मिठाच्या पाण्यात दिवा लागतो, साखरेच्या नाही. तांब्याची तार तर तशीच वीज नेते, तिचे इलेक्ट्रॉन मोकळे असतात. खरी गंमत पेन्सिलीच्या शिशात आहे. त्यातलं ग्राफाइट साखरेसारखंच सहसंयुज, तरी दिवा लागतो! कार्बनचे बाहेरच्या चारांपैकी तीनच इलेक्ट्रॉन थरातल्या बंधांत पक्के अडकतात, चौथा थरभर हिंडतो. तेव्हा वीज वाहते एवढ्यावरून धातू ठरवू नका, हातोडी घ्या: तांबं ठोकलं की पसरतं, शिशाचा भुगा होतो.