बारा चित्रांचा कॅमेरा

एकत्र कुटुंबांत एखादी महाग वस्तु आणावयाची ठरली म्हणजे प्रत्येकाचें मत वेगळें पडतें. १२० नंबरच्या रुंद फिल्मवर चालणारा जुना कॅमेरा घ्यावा, अशी हौस अलीकडे तरुण मंडळींत पुन्हां दिसूं लागली आहे. धाकट्यांना नामांकित यंत्र हवें असतें, आणि वडिलधाऱ्यांना हा खर्चच पटत नाहीं. अशा वेळीं निवड कशी करावी, याचा विचार आज करूं.

संस्कृत व्याकरणांत क्रियेचा विचार करितांना कर्ता, कर्म आणि करण असे भेद करितात. कॅमेरा हें केवळ करण होय. चित्र कशाचें घ्यावयाचें आणि तें कोण घेणार, हें ठरल्यावांचून करणाची चर्चा व्यर्थ आहे.

प्रथम कर्म पाहूं. ही फिल्म कोडॅक कंपनीनें १९०१ सालीं काढली. ती आजहि निघते. तिची रुंदी सुमारें ६ सेंटिमीटर असते, आणि तीवर किती चित्रें येतील हें कॅमेऱ्याच्या चौकटीवर अवलंबून असतें. सहा-बाय-सहाच्या चौरसांत १२, सहा-बाय-सातमध्यें १०, आणि सहा-बाय-नऊमध्यें अवघीं ८ चित्रें मिळतात. नेहमींच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीहून सहा-बाय-सहाची चौकट क्षेत्रफळानें सुमारें साडेतीनपट मोठी असते. त्यामुळें चित्र भिंतीवर लावण्याइतकें मोठें केलें तरी आजींच्या चेहऱ्यावरील रेषा पुसट होत नाहींत. वेरूळच्या कैलास लेण्याचें रुंद दृश्य घ्यावयाचें असेल तर लांबट चौकट बरी. घरांतील माणसांसाठीं चौरस पुरे.

आतां कर्ता. पाहण्याचें भिंग वेगळें आणि चित्र घेण्याचें वेगळें, असा दोन भिंगांचा रोलीफ्लेक्स जर्मनींत १९२९ सालीं निघाला. तो पोटाशीं धरून वरून खालीं पाहावयाचें असतें; डावें तें उजवें दिसतें, म्हणून आरंभीं थोडा सराव लागतो. परंतु घेणाऱ्याचा चेहरा झांकला जात नाहीं, आणि समोरील लाजरें माणूस सैल बसतें. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनीं वृत्तछायाचित्रणांत हाच कॅमेरा वापरला. पुढें २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. स्वीडनचा १९४८ सालचा हॅसेलब्लाड एकाच भिंगांतून पाहूं देतो व त्याचीं भिंगें बदलतां येतात. पण तो महाग आहे. भात्याचा घडीचा कॅमेरा प्रवासांत सोयीचा. भारतांत बनलेला आग्फा क्लिक ३ अजूनहि एखाद्या माळ्यावर सांपडतो. तो भर उन्हांत चालेल, माजघराच्या मंद उजेडांत नाहीं.

असे बहुतेक कॅमेरे आतां जुनेच घ्यावे लागतात, म्हणून करणाची परीक्षा कसून करावी. शटर एका सेकंदावर ठेवून कानानें ऐकावें; तें मध्येंच अडखळलें तर दुरुस्तीचा खर्च धरावा. भिंगांतून उजेडाकडे पाहून बुरशीचे तंतू आहेत काय तें तपासावें. कोंकणांतून आलेल्या यंत्राविषयीं विशेष दक्षता असावी. अंधाऱ्या खोलींत भात्याच्या आंत दिवा धरिला असतां बाहेर ठिपका दिसला, तर तेथें भोंक आहे असें समजावें. कोडॅकच्या कांहीं जुन्या कॅमेऱ्यांना ६२० नंबरची फिल्म लागते. ती १९९५ सालीं बंद झाली, म्हणून नंबर वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत. १९७० सालच्या याशिका-मॅट १२४-जी मधील प्रकाशमापकाला पाऱ्याची बॅटरी लागत असे. तिच्या जागीं दुसरी घातल्यास मापांत फरक पडूं शकतो. तथापि स्वच्छ उन्हांत, १०० वेगाच्या फिल्मला छिद्र १६ आणि वेळ एकशेंपंचविसांश सेकंद, एवढें पाठ असलें तरी काम भागतें.

आमच्या अंकुशनगरसारख्या साखर कारखान्याच्या गांवीं आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. गाळपाच्या दिवसांत उंसाच्या वाहनांची धूळ उडते. फिल्म घराच्या आंत, सांवलींत बदलावी. काळी-पांढरी फिल्म घरींच धुतां येते. परंतु डेव्हलपर साधारणतः २० अंशांवर वापरतात, आणि वैशाखांत आमच्या नळाचें पाणी त्याहून कितीतरी गरम असतें. भांडें बर्फाच्या पाण्यांत ठेवून तें थंड करावें.

खर्चाविषयीं एकच सांगणें. सर्व पैसे यंत्रांत घालूं नका. फिल्म, धुलाई आणि छपाई यांसाठीं निदान तिसरा हिस्सा वेगळा काढा. फिल्मवांचून कपाटांत पडलेल्या हॅसेलब्लाडपेक्षां वर्षांत चार फिल्मा संपविणारी साधी याशिका घराला अधिक देते. माझ्या मतें एकत्र कुटुंबानें चालू स्थितींतील दोन भिंगांचा, सहा-बाय-सहाचा कॅमेरा घ्यावा.

आणि निवडींत वर्ष घालवूं नये. घरांत ऐंशी ओलांडलेलें माणूस असेल तर कर्म आपल्यासाठीं थांबत नाहीं. नव्या सुना ज्यांना सासूबाईंच्या सासूबाई म्हणतात, त्यांचें चित्र याच दिवाळींत, सकाळच्या कोंवळ्या उन्हांत, ओटीवर बसवून घ्यावें. चित्रें बाराच मिळतात, म्हणून प्रत्येक वेळीं त्यांच्याकडे नीट पाहिलें जाईल. आणि मागें निगेटिव्ह जपून ठेविली, तर नातवांनाहि तिच्यावरून नवी प्रत काढतां येईल.