विश्लेषण : 'कस्टम' इम्प्लांट हाडाला बसते, पण चेहरा हवा तसा मिळतो का?

बिबवेवाडीच्या शेजारी, पुणे-सातारा रस्त्यावरील भारती रुग्णालयात २०१८ मध्ये झालेली एक शस्त्रक्रिया देशभर गाजली होती. अपघातात डोक्याला गंभीर इजा झालेल्या चार वर्षांच्या मुलीच्या कवटीचा सुमारे ६० टक्के भाग तिच्याच मापाने बनवलेल्या पॉलिइथिलीनच्या इम्प्लांटने बदलण्यात आला. आता याच पद्धतीने गालाचे हाडही बनवून मिळते. त्यामुळे 'मापाने बनवले म्हणजे मनासारखे होणार' असा समज पसरू लागला आहे. तो तपासून घेण्याची गरज आहे.

कस्टम म्हणजे नेमके काय?

आधी चेहऱ्याचा सीटी स्कॅन होतो. त्यावरून संगणकावर कवटीचे त्रिमितीय मॉडेल तयार होते. एकच बाजू बिघडली असेल, तर चांगल्या बाजूची आरशातली प्रतिमा घेऊन दुसरी बाजू आखली जाते. मग टायटॅनियम, सच्छिद्र पॉलिइथिलीन, सिलिकॉन किंवा 'पीक' या कठीण प्लास्टिकमध्ये इम्प्लांट बनते. ते हाडावर नेमके बसते, हा मोठाच फायदा आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर घासून-कापून जुळवण्याचे काम त्यामुळे बरेच कमी होते.

पण अचूकता हाडापुरतीच असते. वरची चरबी, स्नायू आणि त्वचा संगणकाचे ऐकत नाहीत. तीन मिलिमीटर जाडीचे इम्प्लांट बसवले म्हणून गाल बरोबर तीन मिलिमीटर पुढे येतो असे नाही. स्क्रीनवर दाखवलेला 'नंतरचा' चेहरा हा अंदाज असतो, करार नव्हे. शिवाय कोणाच्याही चेहऱ्याच्या दोन्ही बाजू मुळातच तंतोतंत सारख्या नसतात.

मोबाइलही फसवतो. सुमारे १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडले. मधला भाग पुढे आला की गाल आपोआप मागे पडल्यासारखे वाटतात. सेल्फी दाखवून 'गाल बसलेत' म्हणणाऱ्याने आधी दुसऱ्याला लांबून फोटो काढायला सांगावे, खर्च शून्य!

कोणासाठी काय यश?

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने अनेकांचा वरचा जबडा, काहींचे गालाचे हाड आणि डोळाही गेला. अशा रुग्णाला घास चावता यावा, पाणी नाकातून येऊ नये, बोललेले समोरच्याला कळावे, हेच मोठे यश. त्यासाठी एकाहून अधिक शस्त्रक्रिया लागू शकतात. केवळ सौंदर्यासाठी टेबलावर जाणाऱ्याचे शरीर मात्र धडधाकट असते. त्यामुळे त्याच्यासाठी छोटी गुंतागुंतही महागात पडते, आणि नेमका हाच हिशेब सल्ल्याच्या वेळी घाईत उरकला जातो.

छेद बहुतेकदा तोंडातून, वरच्या हिरडीच्या वर घेतात. बाहेर व्रण दिसत नाही, पण तोंडातले जंतू जवळच असतात. संसर्ग आटोक्यात आला नाही, तर इतके मापाने बनवलेले इम्प्लांट काढावे लागते. मधुमेह आणि धूम्रपान हा धोका वाढवतात. डोळ्याखालून जाणारी नस दुखावली, तर गाल आणि वरचा ओठ काही काळ बधिर राहतो, क्वचित कायमचा. सूज पहिले काही आठवडे चेहरा ओळखू देत नाही. खरा आकार दिसायला काही महिने जातात. लग्नाच्या महिनाभर आधीची तारीख घेणे त्यामुळे शहाणपणाचे नाही. निर्णय पक्का नसेल, तर हायलुरोनिक ॲसिडचे फिलर आधी करून बघता येते. त्यातही जोखीम आहे, मात्र ते इंजेक्शनने विरघळवता येते.

पैसे आणि कागद

आरोग्य विम्यात केवळ रूप बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया सहसा बसत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला, तसेच वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारांना त्यातून सूट असते. मात्र त्या आवश्यकतेचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार कस्टम उपकरण हे तज्ज्ञ डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीवरून, त्यांच्या जबाबदारीवर, एकाच रुग्णासाठी बनवलेले असते. त्या चिठ्ठीची प्रत, इम्प्लांटचे साहित्य आणि निर्मात्याचे नाव आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच मागावे. इम्प्लांट काढावे लागले तर खर्च कोणाचा, हेही त्याच वेळी लेखी घ्यावे.