लसूणघास : फवारणीआधी विळा, गंजीआधी वाळवण

बेळगाव : उन्हाळ्यात ओला चारा महागला की दुधाचा हिशेब बिघडतो. पेंडीचा दर शेतकऱ्याच्या हातात नाही, दुधाचा तर नाहीच. हातात राहतो तो घरचा चारा. म्हणून पाण्याची सोय असलेले लोक लसूणघास करतात. कुणी त्याला मेथीघास म्हणतं, गुजरातेत तो रजको, हिंदी पट्ट्यात रिजका. नाव काहीही असो, पीक एकच आणि चुकाही त्याच.

पहिली चूक फवारणीची. थंडीत ढगाळ हवा पडली की मावा येतो, पाने चिकट होतात, पिवळी पडतात. लगेच औषधाच्या दुकानाची वाट धरली जाते. पण आज मारलेले औषध उद्या वैरणीतून जनावराच्या पोटात जाते आणि त्याचा अंश दुधात उतरू शकतो. शिवाय मावा खाणारे ढालकिडेही मरतात. कापणी जवळ आली असेल तर चार दिवस आधी विळा लावणे हाच स्वस्त उपाय. बराचसा मावा चाऱ्याबरोबरच शेताबाहेर जातो. फवारणी टळतच नसेल तर लेबल वाचून, सांगितलेले दिवस सोडूनच कापावे.

दुसरा शत्रू अमरवेल. तो बियाण्यातूनच शेतात येतो आणि त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. वेलीला बी धरण्याआधी तेवढा पट्टा कापून जाळावा. राहुरीचे आरएल-८८ किंवा आणंदचे आणंद-२ घ्या, पण प्रमाणित बियाणेच घ्या. सीमाभागाला सल्ल्यासाठी धारवाडचे चारा संशोधन केंद्रही जवळ आहे.

कापणीचे गणित सोपे आहे. पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी, पुढच्या २५ ते ३० दिवसांनी. दहा झाडांत एखाद्याला फूल दिसले की वेळ झाली. उशीर केला तर काड्या जरड होतात. दरवेळी घाई केली तर मुळांची ताकद जाते. खाली दोन-तीन इंच बुडखा ठेवावा.

खरा तोटा वाळवताना होतो. १०० किलो ओल्या घासातून वाळलेला माल मिळतो जेमतेम २२ ते २५ किलो, आणि त्यातली बहुतेक प्रथिने पानांत. भर दुपारी उलथापालथ केली की पाने झडतात, हाती काड्या राहतात. म्हणून सकाळी दव असताना घास उलटावा. ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय गंज रचू नये. बुरशी धरलेल्या चाऱ्यातले अफलाटॉक्सिन दुधात उतरते, आणि दुधासाठी त्याची कायदेशीर मर्यादा किलोला अवघी ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

पेंडीचे पोते उधारीवर आणण्याआधी गंजीत हात घालून बघावा. पाने हाताला लागली तर पैसे वाचले, नुसत्या काड्या लागल्या तर ते शेतातच झडून गेले.