मार्चचं भाषण, जूनची पावती

‘सर्वसामान्यांवर बोजा न टाकणारा अर्थसंकल्प’ हे शब्द मार्चमध्ये टीव्हीवर ऐकू आले, की मी आधी खिसा चाचपतो. तुम्हीही चाचपत असाल. नसाल, तर सुरू करा. हिंगोली जिल्ह्यात राहून माणूस दुसरं काही शिको न शिको, मुंबईहून निघालेल्या गोड बातमीच्या मागून काय येतं, एवढं शिकतोच. १ मे १९९९ला आम्ही परभणीतून वेगळे झालो, तेव्हापासून घोषणा आम्हाला स्वतंत्र मिळतात. पैसे मात्र अजून परभणीला उतरून, चहा पिऊन, मग पुढे निघत असावेत.

तर सुधारणा. राज्याच्या अर्थसंकल्पात गेल्या काही वर्षांत भयंकर सुधारणा झाल्या. २०१७-१८पासून ‘योजनांतर्गत’ आणि ‘योजनेतर’ हा जुनाट भेद मोडीत निघाला आणि त्या जागी ‘कार्यक्रम खर्च’ आणि ‘अनिवार्य खर्च’ आले. २०२२मध्ये ‘पंचसूत्री’ आली. २०२३मध्ये ‘पंचामृत’ आलं. मधल्या काळात सरकार बदललं, पक्ष फुटला, चिन्ह गेलं. पाचाचा आकडा तेवढा निष्ठावंत राहिला. आमच्या औंढ्याच्या नागनाथालाही पंचामृत होतं, पण तिथल्या कुठल्या पुजाऱ्याने त्याला वित्तीय सुधारणा म्हटल्याचं ऐकिवात नाही. शिवाय पंचामृताचा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे: अभिषेक देवाला, भक्ताच्या तळहातावर पळीभर, आणि त्यातलंही अर्धं बोटांच्या फटीतून खाली.

खरी गंमत नावांत नाही, तारखांत आहे. २८ जून २०२४ला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. पंधरवडा उलटायच्या आत, जुलैत, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात! अहो, पाहुणे अजून पंगतीतून उठले नाहीत आणि आचारी दुसऱ्या किराण्याची यादी घेऊन उभा. पुढच्या वर्षी १० मार्च २०२५ला सांगितलं, महसुली तूट ४५,८९१ कोटी. ३० जून उजाडला आणि ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. निव्वळ भार चाळीस हजार कोटींच्या आसपासच आहे, असा खुलासाही आला. ‘आसपासच’! ज्या माणसाला चार महिन्यांनंतरचा खर्च चाळीस हजार कोटींनी चुकतो, त्याला आमच्या वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या काट्यावर हमाल म्हणूनही कुणी उभं करणार नाही. राज्याची तिजोरी मात्र चालवता येते.

आता तुम्ही म्हणाल, पुरवणी मागण्या घटनेत आहेत, नियमात आहेत. आहेत की. पुरवणी जेवणातही असते. ती ताटापेक्षा मोठी झाली, की वैद्याला बोलावतात.

खर्चाची ही तऱ्हा, तर वसुलीची तिच्याहून न्यारी. २०२५च्या अर्थसंकल्पात काय वाढवायचं ठरलं? सीएनजीच्या खासगी गाड्यांवरचा कर एक टक्क्याने, तीस लाखांवरच्या विजेच्या गाडीवर सहा टक्के. सेनगावात तीस लाखांची विजेची गाडी कुणाकडे असेल, तर त्याने ती जरूर दाखवावी, आम्ही सहकुटुंब बघायला येऊ. म्हणजे मार्चमध्ये कर श्रीमंतांवर. छान, पुरोगामी. आणि आमच्यावरचा? तो भाषणात नसतो. ऑक्टोबर २०२४मध्ये, विधानसभेची धामधूम सुरू होता होता, शंभर रुपयांचं मुद्रांक शुल्क पाचशे झालं. ना भाषण, ना बाकं वाजली.

एका तहसीलच्या आवारात मी हा सुधारलेला महाराष्ट्र जवळून पाहिला. निंबाच्या झाडाखाली मुद्रांक विक्रेता, शेजारी टंकलेखक, समोर बटईचा करारनामा करायला आलेले दोघं म्हातारे. ‘शंभरचा बाँड द्या,’ एकाने नोट पुढे केली. विक्रेता मोठ्या प्रेमाने म्हणाला, ‘देतो की मामा. पाच घ्या. न्हाई तर पाचशेचा एक घ्या. माझं काय जातंय?’ मामांनी दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने धोतराच्या सोग्याकडे. मग करारनामा तोंडीच ठरला. सरकारचे शंभरही बुडाले! याला अर्थशास्त्रात काय म्हणतात ते विद्वानांनी सांगावं. आवारात जे म्हटलं गेलं, ते छापण्यासारखं नाही.

आणखी एक. जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यासाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला २००४मध्येच मुद्रांक शुल्क माफ झालेलं आहे. तरीही दोन दशकं दहावी-बारावीची पोरं बाँड घेऊन रांगेत उभी. शुल्क पाचशे झाल्यावर बोंब झाली, तेव्हा महसूलमंत्री बावनकुळ्यांना सांगावं लागलं, की हे शुल्क घेऊ नका. जे माफच आहे, ते पुन्हा माफ केल्याबद्दल अभिनंदनाचे फलकही लागले असतील. मी बघायला गेलो नाही.

मग जून २०२५. पाऊस आला, पाठोपाठ मंत्रिमंडळाचा निर्णय आला. देशी दारूवरचं उत्पादन शुल्क प्रूफ लिटरला १८० रुपयांवरून २०५, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट. अपेक्षित जादा उत्पन्न १४ हजार कोटी. मार्चमध्ये हे का नाही सुचलं? बहुधा विधिमंडळात वातावरण फार पवित्र असतं. याचा सरळ अर्थ असा, की ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या बहिणीला महिन्याला १५०० रुपये मिळावेत, म्हणून दाजींनी नेटाने पीत राहावं, ही आता राज्याची अधिकृत वित्तीय अपेक्षा आहे. दारूबंदीचा ठराव घेणाऱ्या ग्रामसभेवर महसूलहानीचा गुन्हा अजून दाखल होत नाही, एवढं नशीब.

बहिणीचं निघालंच आहे, तर बोलून टाकू. मला त्या १५०० रुपयांचा राग नाही. सोयाबीन काढणाऱ्या बाईच्या हातात रोख रक्कम येत असेल, तर मी कोण नाक मुरडणारा? राग आहे तो हिशेबाच्या नाटकाचा. पहिल्या वर्षी सांगितलं, वर्षाला ४६ हजार कोटी. निवडणूक झाली. प्रचारात २१०० रुपयांचा शब्द होता. पुढच्या अर्थसंकल्पात तरतूद ३६ हजार कोटी. मग शोध लागला, की लाभार्थ्यांत दोन हजारांवर सरकारी नोकरदार बाया आहेत आणि १४,२९८ बहिणी तर चक्क भाऊ आहेत. आणि मे २०२५मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी याच योजनेकडे वळवले. संजय शिरसाट सामाजिक न्याय खात्याचे मंत्री. त्यांनाच जाहीर संताप व्यक्त करावा लागला. आमच्या कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. तिथे चित्र असं, की लेकीचं वसतिगृह आणि शिष्यवृत्ती सांभाळणाऱ्या खात्यातून काढायचं आणि आईच्या खात्यावर टाकायचं. मग आईने सरकारला ओवाळायचं.

ओवाळायला हळदी-कुंकू लागतं. कुंकवावर जीएसटी शून्य. ओल्या हळदीवरही शून्य. ती शिजवली, वाळवली, की पाच टक्के, त्यातला निम्मा वाटा राज्याचा. देशभर हळदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, स्वतःच्या शेतात हळद काढलेली मजूरबाई दुकानातून पुडी घेते, तेव्हा ती करदाती असते. पेट्रोलवर राज्याचा २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. तिचा पोरगा मोटारसायकलवर कामाला जातो, तो करदाता. बाँड घेणारे मामा करदाते, दाजी तर ‘महाकरदाते’. आणि नांदेड नाक्यावर चहा पिताना ‘आमच्या कराच्या पैशावर फुकटे पोसले जातात’ म्हणणारे साहेब? त्यांचा आयकर दिल्लीला जातो, हो. राज्याला ते व्यवसाय कर देतात, वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपये. त्यांच्या देशभक्तीची ही किंमत, सोबत पावती.

गंमत म्हणजे हा व्यवसाय कर हीच महाराष्ट्रातली एक खरोखरीची अर्थसंकल्पी सुधारणा होती. १९७२च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी करायची होती. १९७५मध्ये सरकारने सांगितलं, शहरातल्या पगारदारांनो, खडी फोडणाऱ्याच्या मजुरीसाठी एवढे द्या. कर कशाचा, कुणाकडून, कशासाठी, सगळं तोंडावर. लोकांनी कुरकुर केली आणि दिला. पुढे मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला. कर आहे तिथेच आहे. कशासाठी कापला जातो, हे आता पगारपत्रकालाही आठवत नसेल.

२०२५-२६ अखेर कर्जाचा अंदाज होता ९ लाख ३२ हजार कोटी. काळजी नको, राजकोषीय तूट स्थूल राज्य उत्पन्नाच्या २.७६ टक्के, तीनच्या आत, शिस्त अबाधित. २०११च्या शिरगणतीने वाटणी केली (त्यानंतरची शिरगणती कुठे आहे, विचारू नका), तर हिंगोली जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे पावणेदहा हजार कोटींचं कर्ज येतं. औंढ्याजवळ केंद्राची गुरुत्वीय लहरींची लायगो प्रयोगशाळा व्हायची आहे, २,६०० कोटींची. म्हणजे पावणेचार लायगोंचं कर्ज आम्ही बिनविज्ञानाचं वागवतोय. ते यंत्र उभं राहिलं, की अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या घडामोडीने इथे झालेली, प्रोटॉनपेक्षाही कितीतरी सूक्ष्म हालचाल टिपणार आहे. माझी शास्त्रज्ञांना विनंती आहे: चाचणी म्हणून २०२२च्या अर्थसंकल्पात वसमतच्या हळद संशोधन केंद्राला जाहीर झालेल्या १०० कोटींची हालचाल आधी टिपून दाखवा. तेवढं जमलं, तर कृष्णविवरं अगदीच सोपी जातील.

तेव्हा वाचकहो, पुढच्या मार्चमध्ये दोन तासांचं भाषण ऐकत बसू नका. दुपारची झोप चांगली. अधिवेशनाच्या सुरुवातीला पुरवणी मागण्यांचं पुस्तक टेबलावर ठेवतात, ते वाचा. मंत्रिमंडळ बैठकीनंतरच्या निर्णयांत शेवटून दुसरा-तिसरा निर्णय वाचा. आणि तुमचा आमदार लग्नात, तेराव्यात, कुठेही सापडला, की बाजूला घेऊन एकच विचारा: साहेब, ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या मंजूर झाल्या, तेव्हा तुम्ही सभागृहात होतात का, आणि असलात तर किती मिनिटं बोललात?