साठलेला कार्बन, सुटलेला कार्बन

इंधन जाळले की त्यातील कार्बन हवेत जातो आणि त्याचा हिशेब सहज लागतो. नाफ्ता, इथेन किंवा नैसर्गिक वायू कारखान्यात कच्चा माल म्हणून गेला, की मात्र हिशेब गुंतागुंतीचा होतो. त्यातील काही कार्बन प्रक्रियेतच सुटतो, उरलेला पॉलिथिनच्या दाण्यांत, पीव्हीसी पाइपांत, पॉलिएस्टर धाग्यात अडकतो.

हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे ‘आयपीसीसी’च्या, देशांच्या उत्सर्जन-हिशेबासाठीच्या १९९६ च्या मार्गदर्शिकेने यावर ढोबळ तोडगा काढला. डांबरातील कार्बन शंभर टक्के साठलेला, वंगणतेलातील निम्मा, नैसर्गिक वायूतील ३३ टक्के. पण वायूपासून खत करा किंवा रेझिन, टक्का तोच! २००६ च्या मार्गदर्शिकेने हिशेब प्रक्रियानिहाय केला. नाफ्त्यापासून एक टन इथिलीन करताना सुमारे १.७३ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, इथेनपासून ०.९५ टन. इथिलीन करणाऱ्या संयंत्रातून, म्हणजे क्रॅकरमधून, निघणारा वायू तिथल्याच भट्टीत जळतो; तो ऊर्जा आणि उद्योग अशा दोन्ही खात्यांत मोजला जाण्याचा धोका असतो.

युरियाचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. त्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड अमोनिया करतानाच मिळतो, म्हणून तो कारखान्याच्या उत्सर्जनातून वजा होतो. शेतात पडलेला युरिया युरिएझ विकरामुळे विघटित होतो आणि टनामागे सुमारे ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. ही साठवण काही दिवसांची किंवा फार तर एका हंगामाची. नोंद होते वापरणाऱ्या देशाच्या शेती खात्यात. थळ-ट्रॉम्बेच्या खत कारखान्यांचा युरिया असो की परदेशातून आलेला, महाराष्ट्रातील शेतात पडला की उत्सर्जन भारताचेच. निर्यातदाराने वजावट घेतली आणि आयातदार नोंद विसरला, तर तो कार्बन कुणाच्याच खात्यात राहत नाही.

प्लास्टिकचे उलट आहे. पॉलिथिनमध्ये वजनाने ८६ टक्के कार्बन असतो. पुरले तर तो बहुतांशी तसाच राहतो, जाळले तर टनामागे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड होतो. सिमेंटच्या भट्टीत गेलेल्या प्लास्टिकचे वजन निदान कळते. २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीत किती प्लास्टिक जळाले, हे कोणत्या काट्यावर मोजणार? अशा आगींचा अंदाज घेतला नाही, तर तो कार्बन कागदावर साठलेलाच राहतो.

म्हणून देशाच्या ऊर्जा ताळेबंदातील बिगर-ऊर्जा वापराचा आकडा उत्पादननिहाय बेरजेशी ताडून पाहावा लागतो. त्यासाठी कारखान्यांचा कच्चा माल, उत्पादन आणि प्लास्टिकच्या दाण्यांची आयात-निर्यात, तिन्ही आकडे लागतात.